पांढरा डाग घरीच जाईल, काळ्याला हात लावू नका

वाचकाचं पत्र: काका नमस्कार, अमळनेरहून लिहितेय, नाव छापू नका प्लीज. आमच्याकडे सासऱ्यांनी बनवून घेतलेलं सागवानी डायनिंग टेबल आहे, पस्तीसेक वर्षं जुनं. मागच्या रविवारी पाहुणे होते, वरण-बट्टीचा बेत होता, गडबडीत उकळत्या वरणाचा गंज (पातेलं) ओलं फडकं खाली टाकून टेबलावर ठेवला गेला आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीची लोखंडी कढई तर रात्रभर तिथेच राहिली, तीही ओल्या फडक्यावर. सकाळी बघते तर एकीकडे पांढराफटक गोल आणि दुसरीकडे काळं रिंगण. सासूबाई सुरतला नणंदेकडे गेल्यात, पुढच्या आठवड्यात येतील. दीर म्हणतात ग्राइंडर आणतो, पाच मिनिटात घासून देतो. शेजारच्या काकू म्हणतात टूथपेस्ट लाव. यूट्यूबवर कोणी मेयोनीज लावतंय, कोणी इस्त्री फिरवतंय. नेमकं काय करू? सासूबाईंना आधी सांगू की नको? आणि पुढे असं होऊ नये म्हणून वरून काच टाकून घेऊ का?

ताई, पहिलं काम म्हणजे दिरांना सांगा की ग्राइंडर आहे तिथेच राहू द्या. हे सगळ्यात आधी लिहितोय कारण बाकीचं वाचून होईपर्यंत ते मशीन घेऊन दारात उभे असतील, आणि ग्राइंडरची चकती सागवानात जे खड्डे आणि अर्धगोल ओरखडे पाडते ना, ते काढायला नंतर अख्खा टॉप रंधावा लागतो. पांढरा डाग तर मुळात लाकडापर्यंत पोचलेलाच नसतो, तो वरच्या पॉलिशच्या थरात असतो, मग लाकूड घासायचं कशाला.

म्हणजे झालं काय ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. पॉलिशचा थर पारदर्शक असतो म्हणून खालचं लाकूड दिसतं. गरम भांडं ठेवलं की तो थर जरा मऊ पडतो आणि खाली ओल असेल तर तिची वाफ होऊन त्या मऊ झालेल्या थरात घुसते, मग भांडं उचललं, थर गार झाला, कडक झाला, आणि ओल आत अडकली. काच पारदर्शक असते पण तिचा चुरा केला की पांढरा दिसतो, तसंच हे, थरात बारीक बारीक छिद्रं आणि ओलीचे कण झाले की उजेड आरपार न जाता विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. लाकूड खाली ठणठणीत असतं. आणि तुम्ही जे ओलं फडकं घातलं ना, टेबल भाजू नये म्हणून, त्यानेच जास्त घोळ केला, कारण कोरडा गंज ठेवला असता तर नुसती उष्णता लागली असती, ओल्या फडक्याने वाफ पण पुरवली. हे खूप घरांत होतं हो, चांगल्या हेतूने ओलं फडकं घालतात आणि डाग डबल होतो. भांड्याखाली घालायचंच असेल तर कोरडं आणि जाड घाला, लाकडी पाटली, जुनी सतरंजी चौपट करून, काहीही, पण कोरडं.

आता पुढचा प्रश्न, तुमच्या टेबलाला पॉलिश कोणतं आहे? पस्तीस वर्षांपूर्वीचं काम म्हटलं की माझा अंदाज स्पिरिट पॉलिशचा, म्हणजे चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पोटलीने थरावर थर चढवलेलं. त्या काळी आपल्याकडे जळगाव धुळ्याला घरोघर हेच चालायचं, पॉलिशवाले घरी येऊन आठ-आठ दिवस ओसरीत बसायचे आणि घरभर स्पिरिटचा वास. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बसणाऱ्या एका किड्याची देणगी आहे, दिसायला इतकी देखणी की आजही दुसरं काही त्याच्या तोडीला येत नाही असं माझं मत, पण उष्णतेला फार नाजूक. साधारण ७०-७५ अंशाला ती मऊ पडायला लागते आणि तुमचं वरण गॅसवरून उतरलं तेव्हा शंभराच्या जवळ असणार, म्हणजे डाग पडला यात नवल काहीच नाही. पण मधल्या काळात कोणी त्यावर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हल्लीची केमिकलवाली पक्की पॉलिशं, मारून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, ते थर उष्णतेला जास्त तग धरतात आणि त्यांच्यावर उपायही वेगळे चालतात, म्हणून आधी टेस्ट करा, अंदाजावर जाऊ नका.

टेस्ट सोपी आहे. टेबलाच्या खालच्या अंगाला नको, कारण तिथे बरेचदा पॉलिशच मारलेलं नसतं, पायाच्या आतल्या बाजूला जिथे कोणी बघत नाही तिथे करा. कान साफ करायच्या काडीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एक ठिपका लावा, अर्धा मिनिट थांबा, बोट लावून बघा. चिकट लागलं, काडीवर तपकिरी रंग आला, तर लाख आहे. काहीच झालं नाही तर दुसरीकडे नेलपॉलिश रिमूव्हरचा ठिपका लावा, तिथे मऊ पडलं तर लॅकर (थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश), आणि त्यालाही दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयूपैकी काहीतरी पक्क्या जातीचं. स्पिरिट रंगाच्या दुकानात मिळतं, पॉलिशसाठी पाहिजे म्हणा. आणि हो, २०२० मध्ये सगळ्यांनी टेबलावर सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवल्या तेव्हा असेच पांढरे चट्टे पडलेले आठवतात का, तेही याच कारणाने, सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल आणि खाली लाख.

टेस्ट झाली की लगेच डागाच्या मागे लागू नका. आधी टेबल रिकामं करा, किंचित कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पुसा, मग कोरड्याने पुसा, आणि पूर्ण एक दिवस वर पंखा लावून सोडून द्या. आत्ता पावसाळी हवा आहे म्हणून दोन दिवस द्या. वर प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते काढून टाका, त्याच्याखाली ओल कोंडते. ताजा डाग असेल तर कधी कधी एवढ्यानेच निम्मा फिका होतो, आणि लोक हाच वेळ देत नाहीत, सकाळी डाग दिसला की दुपारी त्यावर लिंबू, सोडा, मीठ, रॉकेल सगळं होऊन गेलेलं असतं.

उरलेल्या डागावर पहिला उपाय हेअर ड्रायर. सगळ्यात कमी गरम सेटिंगला ठेवायचा, टेबलापासून एक वीत लांब, आणि हात सतत हलता ठेवायचा, एका जागी धरायचा नाही. मधे मधे तळहात लावून बघा, तळहाताला आरामात सहन झालं पाहिजे, हात पटकन मागे घ्यावासा वाटला म्हणजे जास्त झालं. दहा-पंधरा मिनिटं करा, मग गार होऊ द्या, मग बघा. ज्या उष्णतेने डाग आणला तीच उष्णता कोरडी आणि हळू दिली की ओलीला बाहेर काढते, इतकं साधं आहे. एका बैठकीत नाही गेला तर संध्याकाळी परत. चट्टा कडेकडून आत सरकायला लागला, लहान व्हायला लागला की समजा रस्ता बरोबर आहे, मग दुसरं काही करायचंच नाही, हेच करत राहायचं.

इस्त्रीचं म्हणाल तर यूट्यूबवाले खोटं सांगत नाहीत, इस्त्रीने डाग जातो आणि झटकन जातो, पण कोणत्या पॉलिशवर चालवायची हे ते सांगत नाहीत. मेलामाईन किंवा पीयू निघालं तर बिनधास्त करा, लाख निघाली तर मी म्हणेन टाळा, कारण लाख मऊ पडली की फडक्याचा विणकामाचा ठसा पॉलिशवर उमटतो आणि मग पांढऱ्या डागाच्या जागी जाळीदार डाग. करायचीच तर अशी करा: इस्त्रीतलं पाणी पूर्ण काढून टाका, स्टीम बंद, सेटिंग सगळ्यात कमी, पांढरं सुती फडकं दुहेरी घ्या, जुनं धोतर सगळ्यात बेस्ट, छापील कापड अजिबात नको कारण रंग उतरतो. डागावर फडकं, फडक्यावर इस्त्री, तीन-चार सेकंद, उचला, बघा. परत. प्रत्येक वेळी फडक्याची कोरडी बाजू घ्या कारण निघालेली ओल फडक्यातच जाते. फडकं जरासं जरी चिकटतंय असं वाटलं तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका, गार होऊ द्या. आणि फोन आला तर आधी इस्त्री उभी करून ठेवा आणि मग फोन घ्या, माझ्याकडे रिपेअरला आलेल्या टेबलांपैकी बऱ्याचशा टेबलांवर इस्त्रीचा त्रिकोणी ठसा असायचा, आणि प्रत्येकाची गोष्ट फोनपासूनच सुरू व्हायची.

लाखेचं पॉलिश असेल आणि ड्रायरने थोडा डाग उरला तर मग स्पिरिटचा हात. हा आमच्या धंद्यातला शेवटचा हात आहे, नवीन पॉलिश झाल्यावरही मारतात. कापसाचा गोळा, त्यावर जुन्या मलमलीचं कापड, घट्ट पिळ देऊन छोटी पोटली करा. तिच्यावर स्पिरिटचे मोजके थेंब टाका आणि आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा, गार लागलं पाहिजे पण हात ओला दिसता कामा नये. ओला दिसला म्हणजे स्पिरिट जास्त झालं, कागदावर टेकवून कमी करा. मग डागाच्या अलीकडून हात चालू करायचा आणि पलीकडे जाऊन उचलायचा, टेबलावर असताना पोटली थांबवायची नाही, एक सेकंद सुद्धा नाही, थांबली की तिथे चिकटली आणि खालचा थर उचलून आला. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने, तीन-चार वेळा, मग दहा मिनिटं सोडून द्या. स्पिरिट वरचा थर किंचित विरघळवतं आणि तो परत जुळून येतो, आत जागा मोकळी झाल्यामुळे अडकलेली ओल सुटते. ऐकायला अवघड वाटतं पण हात हलका असेल तर जमतं, आधी पायाच्या आतल्या बाजूला सराव करा. आणि स्पिरिट म्हणजे आग, घरात समई, गॅस, उदबत्ती काही चालू नको, खिडक्या उघड्या, आणि स्पिरिट मारल्यावर त्या दिवशी ड्रायर-इस्त्री त्या टेबलाकडे फिरकूच द्यायची नाही. पोटलीही झाकणाच्या डब्यात ठेवा, मुलांच्या हाती नको.

मेयोनीज आणि व्हॅसलीन या दोघांचं काम एकच, तेल त्या बारीक छिद्रांत शिरतं, उजेड विखुरायचा थांबतो आणि डाग दिसेनासा होतो. व्हॅसलीन रात्रभर जाडसर लावून सकाळी पुसलं तर हलका डाग खरंच जातो, तो उपाय गरीब आहे, नुकसान काही करत नाही, ड्रायरच्या आधी करायलाही हरकत नाही, फक्त नंतर नीट पुसून घ्या. मेयोनीजमध्ये वेगळं काही नाही, उलट अंडं आणि व्हिनेगर, वास येतो, आणि आपल्याकडे मुंग्या काय रांग लावतात ते सांगायला नको. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल मात्र चोळू नका, ते कधीच नीट वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि महिन्याभराने खवट वास मारतं. आणि कोणी जवसाचं तेल सुचवलं तर ते वाळतं, चांगलंही आहे, पण त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, वाळताना ती स्वतःच गरम होऊन पेट घेऊ शकतात, पाण्यात भिजवा किंवा बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

टूथपेस्ट काकूंना आवडते आणि गावातल्या निम्म्या लोकांना आवडते, म्हणून सांगतो. टूथपेस्ट डाग काढत नाही, ती पॉलिशचा वरचा थर बारीक घासून काढते आणि डाग त्या थरात असेल तर त्याच्यासोबत जातो. म्हणजे शेवटचा उपाय झाला, पहिला नाही. पांढरी साधी पेस्ट पाहिजे, जेलवाली नको, ओल्या फडक्यावर वाटाण्याएवढी, रेषेच्या दिशेने, गोल गोल अजिबात नाही, दहा-बारा हात आणि लगेच पुसून बघा. चमकदार टेबलावर ती जागा मंद होते आणि मंद टेबलावर ती जागा चमकते, हे आधीच माहीत असू द्या म्हणजे नंतर दचकायला नको. त्यापेक्षा मला जुना राखेचा उपाय जास्त पसंत आहे, बट्ट्या गोवऱ्यांवर भाजल्या असतील तर घरात राख असेलच, ती धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करायची, चिमूटभर राखेत खोबरेल तेलाचे चार थेंब, आणि बोटावर फडकं गुंडाळून हलकं चोळायचं. चोळून झालं की तेल अगदी कोरडं पुसून काढा, ठेवू नका. राख तेलातच कालवा, पाण्यात नको, कारण राखेचं पाणी क्षारी (अल्कलाइन) होतं, आणि क्षाराने लाख विरघळते. त्याच कारणाने खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा व्हिडिओ बघितला असेल तर विसरून जा, मेलामाईनवर तो चालून जाईल, पण लाखेवर सोडा म्हणजे डाग राहतो आणि पॉलिश जातं.

डाग गेल्यावर ती जागा बाकी टेबलापेक्षा थोडी वेगळी दिसेल, तेव्हा रंगाच्या दुकानातून मेणाचं फर्निचर पॉलिश आणा, डबीभर पुरतं, पूर्ण टॉपवर पातळ हात मारा आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने चकाकी येईपर्यंत घासा. नुसत्या डागाच्या जागी लावाल तर तिथेच चमकेल. स्प्रेवाले सिलिकॉनचे पॉलिश टाळा, आज छान दिसतात पण पुढे कधी पुन्हा पॉलिश करायची वेळ आली की नवीन थर त्या जागी बसतच नाही, बुडबुड्यासारखे डोळे पडतात, आणि पॉलिशवाला तुमच्यावर चिडतो.

आता त्या काळ्या रिंगणाकडे येऊ. ते वेगळंच प्रकरण आहे. सागवानात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो, लोखंडाचा कण आणि पाणी त्याला भेटले की काळी शाई तयार होते, पूर्वी पोथ्या लिहायची एक जातीची शाई अशीच करायचे, हिरडा आणि लोखंड घेऊन. तुमची कढई ओल्या फडक्यावर रात्रभर बसली, लोखंडाचं पाणी सुटलं, पॉलिशमधून खाली लाकडात उतरलं आणि तिथे शाई झाली. ते फडकं अजून असेल तर उघडून बघा, त्यावर तांबूस वर्तुळ असेल. म्हणजे हा भाजल्याचा डाग नाही, हे बरंच आहे, कारण भाजून कोळसा झालेलं लाकूड खरवडूनच काढावं लागतं. पण हा डाग लाकडात आहे, वरून ड्रायर, इस्त्री, पेस्ट, राख, कशानेच तो जाणार नाही, उलट त्याच्यावर घासत बसाल तर पॉलिश जाईल आणि डाग अजून उठून दिसेल. तो काढायचा तर पॉलिश उतरवून लाकूड उघडं करायचं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावायचं, त्याने काळं फिकं होतं, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळवायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा आणि नव्याने पॉलिश चढवायचं. ऑक्झॅलिक विषारी आहे, हाताला लागलं तर जळजळतं, वाळल्यावर त्याची पावडर नाकात गेली तर त्रास होतो, स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर हा उद्योग घरी करू नका असं मी स्पष्टच सांगतो. जाणत्या पॉलिशवाल्याकडून करून घ्या आणि तो म्हणाला की फक्त तेवढंच करून देतो तर नाही म्हणा, पस्तीस वर्षांत सागवान जो मधाळ रंग धरतं तो ठिगळाला येत नाही, अख्खा टॉप एकसाथ करायला सांगा. काम दिवाळीनंतर काढा. आत्ताच्या ओलसर हवेत लाखेचं पॉलिश केलं तर ते चढतानाच पांढरट पडतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला गेला की स्पिरिट पोटलीतल्या पोटलीत उडून जातं, हात ओढतो. थंडीचे कोरडे दिवस या कामाला सगळ्यात चांगले.

एक खात्री तेवढी करून घ्या, टेबल खरंच भरीव सागवानाचं आहे ना. टॉपची कड बघा, वरच्या रेषा कडेला वळून खाली उतरताना दिसल्या तर भरीव, आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असली, थर थर दिसले, तर वर विनियर आहे, ते कागदासारखं पातळ असतं आणि पेपर मारताना दोन मिनिटात पार होतं. पॉलिशवाल्यालाही हे आधी सांगा.

सासूबाईंचं म्हणाल तर ताई, पांढरा डाग त्या येईपर्यंत गेलेला असेल असं मला वाटतं, पण काळा नाही जाणार, आणि टेबलक्लॉथ टाकून लपवायचा विचार असेल तर ज्या बाईने ते टेबल पस्तीस वर्षं पुसलंय ती सुरतहून आल्यावर पहिला हात कुठे फिरवेल ते तुम्हालाच माहीत. आज फोन करा, सांगा की आई, कढईचा डाग पडलाय, पांढरा काढतेय आणि काळ्यासाठी दिवाळीनंतर पॉलिशवाला बोलवायचाय. आणि त्यांनाच विचारा की तेव्हा पॉलिश कोणी केलं होतं, कोणतं केलं होतं. त्यांना नक्की माहीत असेल, त्या काळी चहा त्यांनीच दिलेला असेल त्या माणसाला, आणि तुमची ती काडीची टेस्टही कदाचित वाचेल. वर कदाचित असंही म्हणतील, जाऊ दे ना, लाकूड शे ते, त्याले काय व्हस.

काचेबद्दल. टाकायला हरकत नाही पण नुसती टाकू नका. काच थेट लाकडावर ठेवली की कडेने पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही, मग खाली बुरशी आणि पांढरे चट्टे, आणि पॉलिश ताजं असेल तर काच त्याला चिकटूनच बसते, उचलताना पॉलिश घेऊन येते. काचवाल्याकडे पारदर्शक रबरी बटणं मिळतात, चार कोपऱ्यांना आणि मधे अशी लावून मग काच ठेवा म्हणजे खालून हवा खेळती राहते. साध्या काचेवर उकळता गंज ठेवाल तर ती तडकते, घ्यायची तर टफन्ड घ्या, महाग पडते, आणि टफन्ड काच नंतर कापता येत नाही म्हणून माप बरोबर द्या, कोपरे गोल करायला आधीच सांगा. नवीन पॉलिश केल्यावर किमान महिनाभर तरी काच टाकू नका. आणि काच टाकली तरी त्या लोखंडी कढईला भाजी झाली की वेगळ्या भांड्यात काढा, लोखंडात वांग्याची भाजी रात्रभर ठेवली की ती पण काळीच पडते.